‘ईर’ : पोर्तुगीजमधले जाणे आणि आपले येणे



दिवाळीनंतर आमच्या वहिनींनी मला एक कागद आणून दिला. लिस्बनला असलेल्या त्यांच्या नातीने शाळेत काढलेले चित्र होते. नारळाचे झाड, लाल कौलांचे घर, दारात लुगडे नेसलेली आजी आणि खाली पोर्तुगीजमध्ये एक ओळ : ‘एं दिझेंब्रु व्हामुश आ गोआ व्हेर आ अव्हॉ.’ वहिनींनी फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने ती ओळ आधीच मराठीत करून पाहिली होती. ‘डिसेंबरमध्ये आम्ही आजीला भेटायला गोव्याला जातो’ असे उत्तर आले होते. वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, आजीकडे ‘येतो’ म्हणतात ना? ही पोर ‘जातो’ का लिहिते?’’

नातीची ओळ बिनचूक होती. फोनचे भाषांतरही शब्दाला शब्द बरोबर होते. तरी वहिनींना ते खटकले, आणि त्यांचे खटकणेही रास्तच होते. याचे उत्तर पोर्तुगीजच्या एका अगदी साध्या क्रियापदात आहे. ते क्रियापद म्हणजे ‘ईर’, अर्थात जाणे. आपल्या मंडळातल्या काही घरांतली मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, काही जाण्याच्या तयारीत आहेत, आणि जुने पोर्तुगीज कागद तर बहुतेकांच्या कपाटात आहेत. म्हणून वहिनींना जे सांगितले ते थोडे नीट लावून इथे देतो. मी भाषेचा प्राध्यापक नव्हे. वडिलांची प्रिमेर ग्रावची पुस्तके आणि बँकेत तारणासाठी येणारे दस्तऐवज, एवढ्यावर माझे पोर्तुगीज उभे आहे. उच्चार देवनागरीत जमतील तेवढे जवळचे दिले आहेत.

आपल्या बोलण्यात न आलेले क्रियापद

पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला १७८८ साली. तिथून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कचेरीची भाषा पोर्तुगीज होती. पण आपल्या घरांत ती फार थोड्यांना येत असे. देवळात, कीर्तनात, हिशेबाच्या वहीत मराठीच होती आणि बोलणे आपले पेडण्याचे. तरी पोर्तुगीज शब्द घरात शिरलेच. जनेल, कदेर, कुलेर हे शब्द आपण परके मानतच नाही. प्रवासाचे शब्दही आले. तारवटी माणूस ‘व्हियाज’ करून येई, ‘पासापोर्त’ कपाटात ठेवी आणि बोटीवर चढण्याला ‘एंबार्कार जावप’ म्हणे.

‘ईर’ मात्र आपल्या बोलीत मिसळलेले मी ऐकलेले नाही. त्याचे कारण उघड आहे. वस्तूचे नाव उसने घेता येते. जाणे-येणे प्रत्येक भाषेचे स्वतःचे असते. म्हणूनच हे क्रियापद शिकताना आपण मनातल्या मनात मराठी ‘जाणे’ त्याच्या जागी ठेवतो आणि तिथेच फसतो.

आधी रूपे पाठ करावीत

चालू काळ असा :

एव व्हो – मी जातो, मी जाते
तु व्हाइश – तू जातोस, जातेस
एलि व्हाय, एला व्हाय – तो जातो, ती जाते
नोश व्हामुश – आम्ही जातो, आपण जातो
एलिश व्हांव – ते जातात (शेवटचा ‘व्हांव’ नाकातून)

यात तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, क्रियापदात पुरुष-बाई असा भेद नाही. वहिनींनी म्हटले तरी ‘व्हो’ आणि मी म्हटले तरी ‘व्हो’. दुसरी, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक नाही, दोन्हींना ‘व्हामुश’. नुसते ‘व्हामुश!’ म्हटले की ‘चला!’ असा अर्थ होतो. तिसरी, वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला ‘तु व्हाइश’ म्हणू नये. तिथे ‘उ सिन्योर व्हाय’, बाईमाणसाला ‘आ सिन्योरा व्हाय’ असे तृतीय पुरुषी रूप येते. हे आपल्या ‘अहो-जाहो’सारखेच समजावे. कचेरीत, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना हे विसरू नये.

भूतकाळ : फुय (मी गेलो), फोश्ति (तू गेलास), फोय (तो गेला), फोमुश (आम्ही गेलो), फोरांव (ते गेले). आणि ‘जात असे, जायचा’ यासाठी ‘ईया’.

नवशिक्या माणसाला प्रश्न पडतो की ‘ईर’चे ‘व्हो’ कसे झाले आणि ‘व्हो’चे ‘फुय’ कसे? लॅटिनमधली वेगवेगळी क्रियापदे एकत्र येऊन हे एक क्रियापद बनले आहे. आपण हसण्याचे कारण नाही, कारण आपलेही तसेच आहे. ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गत’चे. आपल्या मुलांना ‘जातो’चे ‘जाला’ न होता ‘गेला’ कसे झाले हे कोणी समजावत नाही. ती ऐकून शिकतात.

भूतकाळाची रूपे ‘असणे’ या अर्थाच्या ‘सेर’ क्रियापदाचीही तीच आहेत. ‘फोय प्रोफेसोर’ म्हणजे ‘तो शिक्षक होता’ आणि ‘फोय आ लिज्बोआ’ म्हणजे ‘तो लिस्बनला गेला’. पुढचा शब्द पाहूनच अर्थ लावावा लागतो. जुनी पत्रे वाचताना हा घोटाळा हमखास होतो.

तुम्ही कोणत्या काठावरून बोलता?

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांना मी आपल्या चोपड्याच्या फेरीबोटीचे उदाहरण दिले. पूल होण्याआधी शापोरा नदी ओलांडून शिवोलीला जायचे तर फेरीबोट हाच मार्ग होता. चोपड्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला बोट शिवोलीला ‘जाते’ आणि परत ‘येते’. शिवोलीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्याला तीच बोट चोपड्याला ‘जाते’. इथवर मराठी आणि पोर्तुगीज सारखेच. दूर होणारी बोट ‘व्हाय’, जवळ येणारी ‘व्हेंय’. हे ‘व्हेंय’ म्हणजे ‘व्हीर’, येणे, याचे रूप.

फरक पडतो तो आपण दुसऱ्याकडे निघालो तर. समजा, शिवोलीहून मित्राने हाक मारली, ‘अरे, इकडे ये!’ आपण चोपड्याहून ओरडतो, ‘आलो, आलो!’ खरे तर अजून आपण पायरीही उतरलेलो नसतो. पण बोलताना मराठी माणूस ऐकणाऱ्याच्या काठावर जाऊन उभा राहतो. त्याच्या बाजूने पाहिले तर आपण येणारच असतो, म्हणून ‘येतो’, नव्हे ‘आलो’च. पोर्तुगीज माणूस स्वतःच्या काठावरून हलत नाही. माझ्या पायापासून मी दूर निघालो, म्हणून ‘जातो’. त्याचे उत्तर असते, ‘जा व्हो!’ यातला ‘जा’ आपला आज्ञार्थी जा नव्हे. त्याचा अर्थ ‘आत्ताच, लगेच’. म्हणजे ‘हा निघालोच’.

तसेच ‘आमच्याबरोबर येतोस का?’ या प्रश्नात पोर्तुगीजमध्ये ‘व्हीर’ येते, पण उत्तर ‘व्हो’ असे द्यायचे. आपल्या तोंडून ‘व्हेन्यु’, म्हणजे ‘येतो’, निघते आणि समोरचा क्षणभर गोंधळतो. माझा पुतण्या तिकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागला तेव्हा पहिले आठ दिवस मुख्य आचाऱ्याने हाक मारली की हा ‘व्हेन्यु, व्हेन्यु’ करीत धावत असे. सोबतचे लोक हसत, पण का हसतात ते कोणी सांगेना. शेवटी तिथल्या भांडी घासणाऱ्या एका बाईने त्याला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘व्हेन्यु नको, जा व्हो म्हण.’’

म्हणून नातीने ‘व्हामुश आ गोआ’ लिहिले ते बरोबर. ती लिस्बनच्या वर्गात बसून लिहीत होती. तिथून गोवा दूर, म्हणून ‘जातो’. तिचा बाप फोनवर मराठीत बोलताना ‘डिसेंबरात येतो’ म्हणतो, तेव्हा तो बोलण्यापुरता आईच्या दारात उभा असतो. दोघांच्या भाषेची रीत वेगळी आहे, मायेत फरक नाही. वहिनींना हे पटले.

‘आ’ आणि ‘पारा’

मला वाटले काम झाले. पण वहिनी बारीक वाचणाऱ्या आहेत. त्यांनी विचारले, ‘‘आणि मधे हा ‘आ’ कशाला?’’

मराठीत ‘लिस्बनला गेला’ म्हटले की झाले. दोन दिवसांसाठी गेला की कायमचा, हे पुढच्या वाक्यावरून किंवा सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून समजायचे. परत येणे सांगायचे असेल तर आपण क्रियापद जोडतो : ‘जाऊन आला’, ‘जाऊन येतो’. पोर्तुगीज हीच गोष्ट एका लहानशा अव्ययाने सांगते.

‘व्हो आ लिज्बोआ’ : लिस्बनला जातो, काम झाले की परतणार.
‘व्हो पारा लिज्बोआ’ : लिस्बनला जातो, तिथे राहायला किंवा बऱ्याच मुदतीसाठी.

घराचेही तसेच. ‘व्हो आ काझा’ म्हणजे घरी जरा जाऊन येतो, काहीतरी आणायचे आहे. ‘व्हो पारा काझा’ म्हणजे आता घरी चाललो, आजचे काम संपले. कामाच्या जागी साहेबाला संध्याकाळी ‘आ काझा’ म्हटले तर तो तुमची वाट पाहत बसेल. ब्राझीलच्या बोलण्यात हा भेद पुष्कळ सैल आहे, आणि यूट्यूबवरचे पुष्कळसे धडे ब्राझीलचे असतात. पोर्तुगालला जाणाऱ्याने मात्र तो पाळावा. अर्थात दोन्हींच्या मधे धूसर जागा आहे, शाळेला ‘आ’ही चालते आणि ‘पारा’ही. पण देश किंवा गाव बदलण्याची गोष्ट असेल तेव्हा ऐकणारा या अव्ययाकडे नेमके लक्ष देतो.

मी हे सांगत असताना माझ्या लक्षात आले की आपण कुठे चाललो आहोत. नातीने लिहिले होते ‘आ गोआ’. म्हणजे भेटायला जातो आणि परत येतो. आठ वर्षांच्या मुलीने ते सहज लिहिले, व्याकरणाचा विचार करून नव्हे. मी थांबलो. वहिनींनीच विचारले, ‘‘मग आमचा मुलगा तिकडे गेला तो ‘आ’ की ‘पारा’?’’

सहा वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा ‘दोन वर्षे काढतो, कर्ज फेडतो आणि येतो’ असे म्हणून निघाला होता. म्हणजे ‘आ’. मधल्या काळात बायको-मुलगी तिकडे गेली, मुलीची शाळा सुरू झाली, त्यांनी भाड्याचे घर बदलून मोठे घेतले. ‘पारा’ कधी झाले ते कोणत्या एका दिवशी सांगता येणार नाही. मराठीत आम्ही सगळे तेवढी वर्षे ‘लिस्बनला गेलाय’ एवढेच म्हणत राहिलो. त्यात दोन्ही अर्थ मावत होते, म्हणून कोणाला विचारावे लागले नाही. मी वहिनींना खरे तेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘पोर बरोबर लिहिते. तिची शाळा तिकडे आहे.’’ आणि चित्र घडी न घालता पिशवीत ठेवले.

न झालेल्या गोष्टी

‘ईर’चा आणखी एक मोठा उपयोग आहे. ‘व्हो’च्या पुढे दुसरे मूळ क्रियापद ठेवले की भविष्यकाळ होतो. ‘व्हो कुमेर’ म्हणजे ‘जेवणार आहे’. ‘व्हाय शुव्हेर’ म्हणजे ‘पाऊस पडणार’. इथे कोणी कुठे जात नाही. शब्दशः भाषांतर केले तर ‘पाऊस पडायला जातो’ असे हास्यास्पद मराठी होते. रोजच्या बोलण्यात भविष्यकाळ बहुधा असाच बोलतात. ‘इरेय’ हे ‘मी जाईन’चे वेगळे रूप आहे, पण ते लिहिण्यात जास्त. ‘व्हो ईर’ असे दुहेरी बोलू नये. ‘उद्या जाणार’ हे सांगायला नुसते ‘व्हो’ आणि ‘उद्या’ पुरते.

तब्येत विचारतानाही हेच क्रियापद येते. ‘कोमु व्हाय?’ म्हणजे ‘कसे चाललेय?’ इथे आपली आणि त्यांची रीत तंतोतंत जुळते. आपले आयुष्य ‘चालते’, त्यांचे ‘जाते’.

वाहनाला ‘दि’ लावतात. ‘दि आउतोकार्रु’ बसने, ‘दि बार्कु’ बोटीने. पायी जाण्याला मात्र ‘आ पे’. आणि तिकीट काढताना ‘ईदा’ म्हणजे एकेरी, ‘ईदा इ व्होल्ता’ म्हणजे जाऊन-येऊन. तिकिटाच्या खिडकीवर एवढे तरी यावेच.

आपल्या कपाटातल्या कागदांत

आता तिकडे न जाणाऱ्यांसाठी. जमिनीच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत ‘व्हाय’ हा शब्द वारंवार भेटतो. चतुःसीमा लिहिताना उत्तरेला किंवा दक्षिणेला ‘अमुक गावाहून तमुक गावाला जाणारा रस्ता’ असे असते आणि तिथे ‘कामिन्यु कि व्हाय’ म्हणजे ‘जो रस्ता जातो’ हे शब्द येतात. उदाहरणार्थ, चोपड्याहून मोरजीला ‘जाणारा’ रस्ता. कर्जाच्या फायली पाहताना मी तरुण सहकाऱ्यांना सांगत असे की ‘व्हाय’ दिसला की पुढची दोन गावांची नावे आधी वाचा, जमीन कुठे आहे याचा निम्मा उलगडा तिथेच होतो. रस्ता पुढे बदललेला असू शकतो, म्हणून हल्लीच्या सर्वे नकाशाशी ताडून पाहावे आणि शेवटचा शब्द वकिलाचा मानावा.

दुसरा वापर दस्ताच्या शेवटी असतो : ‘व्हाय आसिनादु’, शब्दशः ‘सही केलेला जातो’. एका कागदाच्या भाषांतरात ‘सही करून पाठवला जात आहे’ असे मी वाचले आहे. त्यावरून तो कागद कोणाला पाठवला याची शोधाशोध सुरू झाली होती. तिथे पाठवणे काहीच नाही. आपण ‘सही केली जाते’, ‘नोंद घेतली जाते’ म्हणतो त्यात ‘जाणे’ जसे नुसते मदतीला येते, तसाच तो ‘व्हाय’. ‘यावर सही केली आहे’ एवढाच अर्थ.

निरोप

शेवटी निरोपाविषयी. आपल्याकडे उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. कारण सर्वांना ठाऊक आहे. ‘गेला’ या शब्दाचा दुसरा अर्थ कोणालाही नको असतो. पुतण्याची मुलगी फोन ठेवताना ‘आजी, मी जाते हं’ म्हणते आणि वहिनी दर वेळी ‘येते म्हण गं’ असे सांगतात. पोरीच्या कानात ‘व्हो’ आहे, त्याचे ती सरळ मराठी करते. बापाने ‘येतो’चे ‘व्हेन्यु’ केले होते, मुलगी ‘व्हो’चे ‘जाते’ करते. चूक एकच, फक्त दिशा उलटी. अशा वेळी मुलांना रागावू नये, कारण सांगावे.

पोर्तुगीज निरोपातही नुसते जाणे नाही. निघून जाण्याला ते ‘ईर एंबोरा’ म्हणतात, ‘मी निघतो’ला ‘व्होमी एंबोरा’. हा ‘एंबोरा’ मूळचा ‘एं बोआ ओरा’, म्हणजे ‘चांगल्या घटकेला’. जाणाऱ्याच्या शब्दाला कोणीतरी शुभ घटका जोडली, बोलता बोलता ती झिजली आणि आता तिथल्या माणसालाही ती आठवत नाही. निरोप देणारे ‘व्हाय कों देउश’, देव तुझ्याबरोबर असो, असे म्हणतात. आणि लवकर भेटायचे असेल तर ‘अते लोगु’. आपण ‘येतो’मध्ये परतणे ठेवले, त्यांनी जाण्याला चांगला मुहूर्त दिला. हे वहिनींना फार आवडले. आता त्या नातीला सांगतात, ‘‘तुझ्या भाषेत एंबोरा म्हण, माझ्या भाषेत येते म्हण.’’

ज्यांना पद्धतशीर शिकायचे आहे त्यांच्यासाठी पणजीत कामोंइश संस्थेचे भाषा केंद्र आहे आणि गोवा विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवले जाते. घरच्या घरी सुरुवात करायची तर रोज पाच वाक्ये पुरेत : जा व्हो, व्हो आ काझा, व्हो पारा काझा, कोमु व्हाय, व्होमी एंबोरा. प्रत्येक वाक्य म्हणताना दोन प्रश्न मनाला विचारावेत. मी आत्ता कुठे उभा आहे? आणि मी परत येणार आहे का? ‘ईर’ वापरताना या दोन गोष्टी ठरलेल्या असल्या तर बाकीचे सवयीने जमते.

लेखात काही चुकले असल्यास जाणकारांनी कळवावे. कोणाच्या घरी जुन्या पत्रांत किंवा दस्तऐवजांत या क्रियापदाचा वेगळा वापर आढळला तर तोही जरूर कळवावा, पुढच्या वेळी एकत्र देता येईल. नातीची मंडळी २० डिसेंबरच्या सुमारास येत आहेत. चोपड्याहून पाहिले तर ‘येत’च आहेत.